भाडेकरूचे पाणीबिल थकल्यास काय करावे: ठाणे आणि नवी मुंबईतील घरमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

ऐरोलीतील आमच्या रो-हाऊसच्या दारावर नळजोडणी खंडित करण्याची नोटीस लागली, तेव्हा तिथे राहणाऱ्या कुटुंबाला येऊन सव्वा वर्ष झाले होते. पाण्याचे बिल तुम्ही भरायचे, असे मी चावी देताना तोंडी सांगितले होते आणि ते भरले जात असणार असे गृहीत धरले होते. बिले माझ्या नावाने येत असत. ती मालकाची आहेत असे समजून त्या कुटुंबाने ती सगळी एका पिशवीत जपून ठेवली होती. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तरीही दंडासह संपूर्ण रक्कम मला भरावी लागली आणि तिच्यापैकी जेमतेम निम्मी पुढे वसूल झाली, कारण आमच्या नोंदणीकृत करारात पाण्याविषयी एक शब्दही नव्हता. त्यानंतर स्वतःचे घर भाड्याने देताना, तसेच ठाण्यातील आमच्या सोसायटीचे सचिवपद सांभाळताना या विषयाची जी माहिती झाली, ती येथे क्रमाने मांडत आहे.

दोन व्यवहार वेगळे ठेवा

पाण्याच्या थकबाकीत दोन स्वतंत्र व्यवहार असतात आणि ते एकमेकांत मिसळले की घरमालकाची चूक होते. पहिला व्यवहार पाणी देणारी यंत्रणा आणि नळजोडणीधारक यांच्यातला आहे. महापालिकेच्या लेखी नळजोडणी ज्याच्या नावावर आहे तो देणेकरी असतो. घरात कोण राहते, भाडे कोण देते, कोणी काय कबूल केले होते, याच्याशी तिला काही कर्तव्य नसते. सोसायटीतील सदनिकेबाबतही असेच आहे, कारण सोसायटीचे बिल सभासदाच्या नावे निघते आणि थकबाकीदार म्हणून नोंद सभासदाचीच होते. दुसरा व्यवहार घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला असून तो पूर्णपणे त्यांच्या करारावर उभा असतो. करारात पाण्याचे कलम असेल तर त्या आधारे भाडेकरूकडे पैसे मागता येतात, नसेल तर विनंती करण्यापलीकडे फारसे काही हाती राहत नाही.

बिल हाती येताच ते नेमके कोणत्या यंत्रणेचे आहे हे शीर्षभागावरून पाहून घ्यावे. ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत त्यासाठी आपल्या प्रभाग समितीच्या कार्यालयात जावे लागते, तर नवी मुंबई महानगरपालिकेत बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा अशी विभाग कार्यालये आहेत. खारघर किंवा कामोठे येथे घर असलेल्यांचा येथे हमखास गोंधळ उडतो. हे भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत असले, तरी तेथील पाण्याशी सिडकोचा संबंध राहिलेला आहे, त्यामुळे मालमत्ता कराची पावती आणि पाण्याचे बिल वेगवेगळ्या दारांकडे नेऊ शकतात.

भाडेकरूला फोन करण्यापूर्वी बिल नीट वाचा

थकबाकीचा मोठा आकडा पाहून लगेच भाडेकरूला फोन करण्याची घाई करू नये. बिलावरील ग्राहक क्रमांक, बिलाचा कालावधी, मागील व चालू मीटर नोंद, चालू आकारणी, मागील थकबाकी आणि विलंबाचा दंड किंवा ठाण्यात ज्याला प्रशासकीय आकार म्हणतात तो, हे सर्व आकडे एका कागदावर स्वतंत्र लिहून काढावेत. मागील थकबाकीचा काही भाग सध्याचा भाडेकरू येण्यापूर्वीचा असतो, असे बऱ्याचदा आढळते. तो भाग त्याच्याकडे मागणे अन्यायाचे आहे, शिवाय त्यामुळे आपली उरलेली रास्त मागणीही संशयास्पद ठरते.

नोंद सरासरीने घेतली आहे का, हेही पाहावे. मीटर बंद असल्यास, घराला कुलूप असल्यास किंवा मीटरपर्यंत पोचता न आल्यास सरासरी वापर धरून बिल काढले जाते आणि प्रत्यक्ष नोंद झाल्यावर फरक पुढच्या बिलात येतो. मधल्या काळात भाडेकरू बदलला असेल, तर जुन्या भाडेकरूचा वापर नव्याच्या माथी बसतो. जिथे मीटर नाही आणि ठोक दराने आकारणी होते, तिथे वापराचा प्रश्नच उरत नाही. राहिलेल्या दिवसांच्या प्रमाणात रक्कम वाटून घेणे हाच एक मार्ग असतो.

घरात काही व्यवसाय चालतो का, याचीही चौकशी करावी. पोळीभाजीचे डबे, खानावळ, ब्यूटी पार्लर अशा कामांना पाणी जास्त लागतेच, शिवाय तपासणीत असा वापर आढळल्यास आकारणी बिगरघरगुती दराने होऊ शकते. असा बदललेला दर बिलावर दिसत असेल, तर तो प्रश्न थकबाकीपेक्षा मोठा आहे आणि तो आधी सोडवला पाहिजे.

वापर खरा की गळती

हा टप्पा बहुतेक घरमालक गाळतात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यायला हवा. न वापरलेल्या पाण्याचे पैसे कोणत्याही भाडेकरूने द्यावेत अशी अपेक्षा करता येत नाही, आणि गळतीचे बिल भाडेकरूच्या नावावर टाकल्याने गळती थांबतही नाही.

प्रथम अंदाज बांधावा. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, आणि मीटरवरील एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर. समजा, आपल्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर पाच आणि वरच्या मजल्यावर तीन माणसे राहतात, दोन्ही मजल्यांना एकच मीटर आहे आणि ६० दिवसांत ८२ युनिट वापर नोंदला गेला. आठ माणसांचा ६० दिवसांचा अपेक्षित वापर ६४.८ युनिट होतो. म्हणजे १७.२ युनिट जास्त आहेत, दिवसाला साधारण २८७ लिटर. पाहुणे, लहान मूल किंवा रुग्ण घरात असल्याने काही फरक पडू शकतो, पण रोज एवढे पाणी कुठे जाते हे शोधल्याशिवाय कोणाकडेही पैसे मागू नयेत.

गळती शोधण्यासाठी दोन चाचण्या पुरतात. मीटर आणि टाकी यांच्यामधील नळाची चाचणी पाणी येण्याच्या वेळेतच करावी लागते, कारण पुरवठा बंद असताना फुटलेल्या नळातूनही मीटर फिरत नाही. टाकीत पाणी पडण्याच्या तोंडाजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा, मीटरवरून थेट भरणारे नळ असतील तर तेही बंद करावेत आणि मीटरकडे अर्धा तास लक्ष ठेवावे. काटा सरकत असेल, तर मधला नळ गळतो आहे. दुसरी चाचणी टाकीनंतरच्या भागाची आहे. रात्री शेवटचा वापर झाल्यावर टाकीत पाणी पडणे बंद करून पातळीवर खूण करावी आणि सकाळी पहिला नळ उघडण्याआधी ती पाहावी. पातळी उतरली असल्यास टाकीला चीर आहे, भिंतीतला पाइप ओला होत आहे किंवा फ्लशची टाकी गळत आहे. फ्लशच्या टाकीत थोडी हळद किंवा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कोणी फ्लश वापरला नाही आणि तरीही कमोडमध्ये रंग उतरला, तर दोष तिथेच आहे. टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक खराब झाल्यामुळे गच्चीवरच्या ओव्हरफ्लो पाइपमधून पहाटे पाणी वाहून जाते आणि दिवसा कोणाला दिसत नाही, हे मी स्वतः तीन घरांत पाहिले आहे. साधा टपकणारा नळसुद्धा सेकंदाला एक थेंब या वेगाने दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी घालवतो.

गळतीचा खर्च कोणाकडे हेही सरळ ठरवता येते. जमिनीखालचा किंवा भिंतीतला पाइप, टाकी आणि मुख्य व्हॉल्व्ह ही घराची अंगे आहेत, त्यामुळे त्यांची दुरुस्ती आणि त्यातून वाया गेलेले पाणी मालकाच्या वाट्याला यावे. नळाचा वॉशर, जेट स्प्रे, वॉशिंग मशीनची जोडणी यांसारख्या वापराच्या वस्तू भाडेकरूने सांभाळाव्यात. गळती दिसत असूनही त्याने महिनोन् महिने कळवले नसेल, तर कळवायला हवे होते त्या दिवसापासूनचा वाटा त्याच्याकडे मागता येईल, मात्र तसे करारात लिहिलेले असावे.

वरील उदाहरण पुढे नेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून ८२ युनिटांचे बिल १,६४० रुपये धरले, तर युनिटला २० रुपये पडतात. जमिनीखालच्या पाइपची गळती सापडल्यास १७.२ युनिटांचे ३४४ रुपये मालकाने सोसावेत. उरलेले १,२९६ रुपये आठ माणसांत वाटले की तळमजल्याच्या पाच जणांचे ८१० आणि वरच्या तिघांचे ४८६ रुपये होतात. हा हिशेब कागदावर मांडून दोन्ही कुटुंबांना दाखवला, तर वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो, कारण मालकाने स्वतःचा वाटा आधी उचलला आहे हे त्यांना दिसते.

दर टप्प्याटप्प्याने वाढणारे असतील, तर एका मीटरवर दोन कुटुंबे असल्यामुळे दोघांचाही वापर महाग टप्प्यात जाऊ शकतो. अशा घरात स्वतंत्र नळजोडणी मिळते का, याची चौकशी करावी. ती न मिळाल्यास प्रत्येक मजल्याच्या पाइपवर खासगी उपमीटर बसवून घ्यावा. महापालिकेचे बिल एकच येत राहील, पण वाटणीचा वाद मिटेल, आणि मुख्य मीटर व उपमीटरांची बेरीज यांतला फरक वाढला की गळतीही लगेच लक्षात येईल. सर्व नोंदी एकाच दिवशी, एकाच वेळी घेतल्या पाहिजेत.

करारात नेमके काय आहे

आपल्याकडे बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याच्या परवान्यावर, दिली जातात आणि करार ऑनलाइन नोंदवला जातो. त्यासाठी वापरात असलेल्या मसुद्यात विजेचे बिल परवानाधारकाने, म्हणजे घरात राहणाऱ्याने, भरावे असे स्पष्ट कलम असते. त्याच मसुद्यात घरासंबंधीचे सर्व कर, आकार आणि मेंटेनन्स परवाना देणाऱ्याने, म्हणजे मालकाने, भरावेत असेही लिहिलेले असते. पाण्याचा वेगळा उल्लेख नसल्यास पाणीबिल या दुसऱ्या कलमात जाऊन बसते. एजंटने भरून दिलेल्या करारावर अंगठा उमटवताना हे कोणी वाचत नाही. मीही वाचले नव्हते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, ज्या अटींवर घर दिले त्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. थोडक्यात, नोंदणी टाळणाऱ्या मालकाला पाणीबिलाच्या तोंडी अटीचा काही उपयोग नाही.

नव्या करारात इतर अटींच्या जागी पुढील आशयाचे कलम घालून घ्यावे, असे मी सुचवेन: “परवाना कालावधीत सदर घरात वापरलेल्या पाण्याच्या बिलाची रक्कम परवानाधारकाने बिलाची प्रत मिळाल्यापासून १० दिवसांत परवाना देणाऱ्याच्या खात्यात जमा करावी. ताब्याच्या दिवशी मीटरवरील नोंद अमुक इतकी होती. परवानाधारकाच्या विलंबामुळे लागलेला दंड परवानाधारकाकडे राहील. भिंतीतील अथवा जमिनीखालील पाइपच्या आणि टाकीच्या गळतीमुळे वाढलेला आकार परवाना देणाऱ्याकडे राहील. मात्र गळती लक्षात आल्यापासून तीन दिवसांत परवानाधारकाने ती लेखी कळवावी. ताबा सोडताना थकीत राहिलेली पाण्याची रक्कम, तिचा लेखी हिशेब देऊन, अनामत रकमेतून वजा करण्यास परवानाधारकाची संमती आहे.”

या कलमात भाडेकरूने बिल परस्पर महापालिकेत भरावे असे मी मुद्दाम लिहिलेले नाही. बिल मालकाने भरावे आणि पैसे भाडेकरूकडून घ्यावेत, हीच पद्धत सुरक्षित आहे, कारण तिच्यात थकबाकी पहिल्याच बिलाला उघड होते.

सुरू असलेल्या करारात असे कलम नसेल, तर भाडेकरूशी बोलून दोघांच्या सहीचे संमतिपत्र करावे, त्यात कोणत्या तारखेपासूनचे पाणीबिल तो देणार आहे हे लिहावे आणि नूतनीकरणाच्या वेळी ते नोंदणीकृत करारात आणावे. मागच्या काळाचे पैसे अशा पत्राच्या आधारे लादू नयेत. करारानुसार ते मालकाचेच देणे होते, हे मान्य करून पुढे जावे.

सोसायटीतील सदनिका

सोसायटीच्या इमारतीत बहुधा महापालिकेचे बिल संपूर्ण इमारतीचे येते आणि ते सभासदांत वाटले जाते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, ही वाटणी सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि आकार यांवरून करण्याची तरतूद आहे. मेंटेनन्ससह भाडे ठरले असेल, तर पाण्याचा हा नियमित वाटा भाड्यातच आला, तो पुन्हा मागता येत नाही.

अडचण होते ती टँकरमुळे. ठाणे महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. भातसा नदीवरून येणारी स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या मार्गांनी शहराला पाणी मिळते. घोडबंदर रस्त्यालगतच्या अनेक इमारतींना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, आणि तो खर्च सोसायटी वेगळ्या रकान्यात लावते. स्वतःचे मोरबे धरण असलेल्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत हा प्रश्न तुलनेने कमी येतो. घोडबंदरच्या बाजूला सदनिका देणाऱ्यांनी करारात टँकरचा वाटा कोणाकडे हे एका वाक्यात लिहून ठेवावे. लिहिले नसेल, तर तो मालकाचा खर्च समजावा.

भाडेकरूशी वाद आहे म्हणून सोसायटीचे बिल अडवून धरू नये. सोसायटीला तिची थकबाकी निबंधकाकडून वसुली दाखला घेऊन सभासदाकडून वसूल करता येते, आणि भाडेकरूने पैसे दिले नाहीत हा तिथे बचाव होत नाही.

यंत्रणेचे पैसे आधी स्वतः भरा

बिल तपासून झाले की, भाडेकरूकडून पैसे येण्याची वाट न पाहता ते भरून टाकावे. हा सल्ला अनेकांना पटत नाही. त्यांना वाटते की, आपण भरले की भाडेकरू निश्चिंत होईल. पण दंड आपल्या ग्राहक क्रमांकावर चढतो, नळजोडणी आपल्या घराची तुटते आणि पुन्हा जोडून घेण्याचा खर्च व खेटेही आपल्याच वाट्याला येतात. शिवाय आपण भरल्याची पावती हाच पुढील वसुलीतील सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

रक्कम मोठी असल्यास प्रभाग किंवा विभाग कार्यालयात जाऊन हप्त्यांसाठी लेखी अर्ज करावा. ठाणे महापालिकेने पाणीबिलाच्या थकबाकीवरील प्रशासकीय आकारात सवलत देणाऱ्या योजना वेळोवेळी राबवल्या आहेत, म्हणून अशी योजना सुरू आहे का हे भरण्यापूर्वी विचारावे. सवलत मिळाली, तर भाडेकरूकडे तेवढीच कमी रक्कम मागावी. न भरलेला दंड त्याच्याकडून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. बिल चुकीचे वाटत असल्यास मीटरचे छायाचित्र आणि जुन्या बिलांच्या प्रती जोडून तक्रार अर्ज द्यावा आणि आवक शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवावी.

मागणी कशी करावी

पहिली मागणी प्रत्यक्ष भेटून, निदान फोनवर करावी. नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, गावी पैसे पाठवावे लागले, अशी कारणे खरी असतात आणि त्यांत माणूस आधी पाण्याचे बिल मागे टाकतो, कारण त्यासाठी लगेच कोणी दारात येत नाही. पुढील तीन-चार महिन्यांत भाड्याबरोबर थोडे थोडे द्यायचे असे ठरवणे दोघांच्याही हिताचे असते. मात्र जे ठरले ते त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे आणि त्याच्याकडून होकार घ्यावा: एकूण रक्कम, कोणत्या बिलांची, किती हप्ते, कोणत्या तारखांना.

येथे एक बारकावा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ नुसार, पैसे देणाऱ्याने ते कोणत्या देण्यापोटी दिले हे सांगितले असल्यास आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले असल्यास ते त्याच देण्याला लागू करावे लागतात. भाडेकरूने ‘मे महिन्याचे भाडे’ असे लिहून पाठवलेली रक्कम आपण मनाने पाणीबिलाकडे वळवून मे महिन्याचे भाडे थकले, असे म्हणू शकत नाही. त्यामुळे पाण्याचे पैसे नेहमी वेगळे घ्यावेत आणि पावतीवर बिलाचा कालावधी लिहावा.

बोलून उपयोग झाला नाही, तर लेखी नोटीस द्यावी. पहिली नोटीस वकिलाचीच असावी असे नाही. त्यात कराराचा नोंदणी क्रमांक व तारीख, पाण्याच्या कलमाचा मजकूर, बिलनिहाय रकमेचा तक्ता, आपण बिले भरल्याच्या तारखा, आतापर्यंत मिळालेली रक्कम, शिल्लक आणि ती देण्यासाठी १५ दिवसांची मुदत एवढे असले म्हणजे पुरे. बिलांच्या व पावत्यांच्या प्रती जोडाव्यात. भाषा साधी ठेवावी आणि धमकी देऊ नये, कारण हाच कागद उद्या न्यायालयापुढे जातो आणि त्यावरून आपलीही पारख होते. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने घराच्या आणि करारातील कायमच्या, अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवावी.

पाणी मात्र तोडू नका

पैसे देत नाही तर बंद करा वरचा व्हॉल्व्ह, हा सल्ला घरमालकाला चारही बाजूंनी मिळतो. तो ऐकू नये. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार, न्याय्य किंवा पुरेशा कारणाशिवाय मालकाला स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडता किंवा रोखता येत नाही, आणि पाणी हे त्यातले पहिले. भाडेकरू न्यायालयात जाऊन पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश मिळवू शकतो, आणि दोषी मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. थकलेले बिल हेच पुरेसे कारण आहे असा युक्तिवाद करण्याच्या भरवशावर व्हॉल्व्ह फिरवणे फार धोक्याचे आहे.

त्याच कलमाच्या स्पष्टीकरणातील एक गोष्ट फार थोड्या मालकांना ठाऊक असते. मालकाच्या कृतीमुळे किंवा त्याने करायचे ते न केल्यामुळे स्थानिक प्राधिकरणाने पुरवठा तोडला, तर तेही मालकाने पुरवठा रोखल्यासारखेच आहे. म्हणून बिल मुद्दाम न भरता महापालिकेला जोडणी तोडू देणे हीदेखील पळवाट नाही.

हे कलम भाडेकरूविषयी आहे, आमचा तर लिव्ह अँड लायसन्स करार आहे, असे काही जण म्हणतात. त्या वादात पडण्यापूर्वी त्या घरात लहान मुले, म्हातारी माणसे राहतात हे आठवावे. काही हजारांच्या रकमेसाठी कोणाच्या घरातले पाणी बंद करणे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही, आणि असे करणारा मालक पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात गेला की त्याच्या खऱ्या मागणीकडेही कोणी सहानुभूतीने पाहत नाही. कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, सोसायटीच्या पहारेकऱ्याला सांगून गाडी अडवणे हे सगळे याच जातीचे उपाय आहेत.

घर सोडण्याचा दिवस

अनामत रक्कम हातात असते तोवर हिशेब सोपा असतो, म्हणून ताबा परत घेण्याचा दिवस घाईत उरकू नये. त्या दिवशी दोघांनी मिळून मीटरची नोंद पाहावी, तारखेसह छायाचित्र काढावे आणि ते तिथल्या तिथे एकमेकांना पाठवावे. शेवटच्या बिलानंतर वापरलेल्या युनिटांचे बिल अजून आलेले नसते. मागील बिलाच्या दराने त्याचा अंदाज काढून तेवढीच रक्कम लेखी नोंद करून राखून ठेवावी आणि बाकीची अनामत परत करावी. बिल आल्यावर त्याची प्रत पाठवून उरलेले पैसे द्यावेत. ७५,००० रुपयांची अनामत दोन हजारांच्या पाणीबिलासाठी दोन महिने अडवून ठेवणे चुकीचे आहे, आणि आपल्याकडे अशा तक्रारी भाडेकरूंच्या बाजूनेही पुष्कळ असतात. वजावटीचा कागद दोघांच्या सहीने करावा आणि यापुढे कोणाचे कोणाकडे देणे नाही, हे त्यात नमूद करावे.

मुदत संपूनही परवानाधारक घर सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद तिथे आहे. हा मार्ग घराचा ताबा मिळवण्याचा आहे. केवळ पाणीबिलाच्या वसुलीसाठी तो वापरता येईल असे समजू नये.

अनामतही पुरली नाही तर

भाडेकरू निघून गेला आणि रक्कम बाकी राहिली, तर न्यायालयापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज करावा. दोघांच्या संमतीने तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याविरुद्ध अपील होत नाही. पाच-दहा हजारांच्या वादासाठी यापेक्षा योग्य जागा मला माहीत नाही. समोरचा आलाच नाही, तर दिवाणी दाव्याचा विचार वकिलाच्या सल्ल्याने, खर्च आणि रक्कम यांचा मेळ पाहून करावा. पैशाच्या वसुलीसाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत भाडेकरूने देणे असल्याचे सहीनिशी लेखी कबूल केले, तर कबुलीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. हप्त्यांच्या कागदावर त्याची सही घेण्याचा हा आणखी एक फायदा.

व्हॉट्सॲपवरील संदेश आणि मीटरची छायाचित्रे पुरावा म्हणून द्यायची असल्यास, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यामुळे फोन बदलताना जुने संभाषण पुसू नये आणि छायाचित्रे मूळ स्वरूपात जपावीत. माझ्याकडे आता प्रत्येक भाडेकरूसाठी एक पातळ फाइल असते. तिच्यात कराराची प्रत, आत येतानाचे मीटरचे छायाचित्र, प्रत्येक बिल व त्याची पावती, मिळालेल्या पैशांची नोंद आणि बाहेर पडतानाचे छायाचित्र एवढेच ठेवलेले असते. ऐरोलीच्या त्या घरात सध्या तिसरे कुटुंब राहते आहे, आणि दर बिलाला मी पावतीचे छायाचित्र पाठवल्यानंतर त्यांचे पैसे बहुधा त्याच आठवड्यात येतात.